तिसरीच्या पोरांना एआय कशाला? प्राथमिक शाळेतलं कॉम्प्युटर शिक्षण आणि ऑनलाइन सुरक्षितता, सोप्या भाषेत

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच मुलांना एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे काम पायऱ्या पाडून क्रमाने सोडवायची विचारपद्धत, शिकवायची, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० डिसेंबरला, ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकसारख्या ठिकाणी अकाउंट ठेवायला कायद्याने बंदी सुरू झाली. आता पालकांनी यातून काय घ्यायचं? एक बातमी म्हणते लवकर शिकवा, दुसरी म्हणते लांब ठेवा. शाळेच्या गेटवर सोडायला आलेले पालक आम्हा शिक्षकांना हेच विचारतात की मॅडम, पोराला अजून बेरीज हातच्याची नीट येत नाही आणि एआय काय शिकवणार, आणि मोबाईल द्यायचा की नाही ते तरी एकदा सांगा.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझं मत सुरुवातीलाच सांगते: कॉम्प्युटर शिकवणं आणि ऑनलाइन सुरक्षितता शिकवणं हे दोन वेगळे विषय नाहीतच. यंत्र आत काय करतं हे ज्या मुलाला कळलंय त्याला आपण सांगितलेले नियम पटतात आणि लक्षात राहतात, नुसते पाठ केलेले नियम पहिल्याच फ्री गेमच्या जाहिरातीपुढे टिकत नाहीत.

कॉम्प्युटर शिकणं म्हणजे टायपिंग आणि पेंट नाही

आपल्या पिढीच्या डोक्यात कॉम्प्युटर शिकणं म्हटलं की एमएस-सीआयटी येतं. २००१ मध्ये तो कोर्स सुरू झाला आणि गावोगावच्या लाखो लोकांनी त्यातून पहिल्यांदा माऊस हातात धरला, त्याचं मोल मोठंच आहे. पण तो कोर्स नोकरी करणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होता, म्हणजे अर्ज टाइप करता यावा, हिशोब मांडता यावा, ईमेल पाठवता यावा. शाळांनी तेच थोडं बारीक करून लहान मुलांना दिलं. मग झालं काय, तर वहीत मॉनिटर आणि कीबोर्डचं चित्र काढायचं, भागांना नावं द्यायची, आणि खरा कॉम्प्युटर ऑफिसमध्ये कव्हर घालून ठेवलेला.

इंग्लंडमध्येही बराच काळ असंच चालायचं. तिथे सप्टेंबर २०१४ पासून अभ्यासक्रम बदलला आणि पाच वर्षांच्या मुलांपासून कॉम्प्युटिंग नावाचा विषय आला. त्यात पहिल्या दोन इयत्तांतल्या मुलांसाठी जे लिहिलंय ते जेमतेम काही ओळींचं आहे, पण त्या ओळी बघण्यासारख्या आहेत: सूचनांचा क्रम म्हणजे काय ते समजणं, छोटा प्रोग्रॅम बनवून त्यातली चूक शोधणं, आणि त्याच यादीत स्वतःची माहिती खाजगी ठेवणं, काही बघून बरं वाटलं नाही तर मदत कुणाकडे मागायची ते माहीत असणं. हे सगळं एकाच विषयात, एकाच पानावर. मला हे फार बरोबर वाटतं.

खडू, फरशी आणि एक रोबो

आता प्रत्यक्ष काय शिकवायचं? पहिली गोष्ट अल्गोरिदम. शब्द जड आहे पण अर्थ सोपा, एखादं काम पुरं करायला द्यायच्या सूचना, ठरलेल्या क्रमाने, आणि इतक्या नेमक्या की ऐकणाऱ्याला स्वतःचं डोकं लावायची गरजच पडू नये.

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने चौकोन आखायचे, एका कोपऱ्यात दप्तर ठेवायचं, मधल्या दोन-तीन चौकोनांवर फुल्या मारायच्या म्हणजे तिथे पाय ठेवायचा नाही. एक मूल रोबो. बाकीचे त्याला चिठ्ठीवर सूचना लिहून देणार: पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. रोबोने फक्त लिहिलंय तेवढंच करायचं. पहिल्या फेरीत रोबो हमखास भिंतीकडे जातो, कारण लिहिणारं मूल रोबोसमोर उभं असतं आणि स्वतःच्या उजव्या हाताप्रमाणे उजवीकडे लिहितं, रोबोची उजवी बाजू तर उलटी! मग पोरं भांडतात की रोबो चुकला. चिठ्ठी परत वाचायची. रोबोने तेच केलंय जे लिहिलंय. चूक चिठ्ठीत आहे. ती शोधून तेवढीच ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवायचं. प्रोग्रॅम लिहिणारे मोठे इंजिनियरसुद्धा दिवसभर बरंचसं हेच करतात, याला डीबगिंग म्हणतात.

यातून मुलाला एक फार मोठी गोष्ट कळते, की यंत्र स्वतःहून काही ठरवत नाही, त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सुरक्षिततेत तीच कामाला येते.

पुढची पायरी, पुन्हा पुन्हा तेच करणं. लेझीम शिकवताना आपण काय सांगतो, हे चार हात आठ वेळा. तोच लूप. बत्तीस हात एकेक करून लिहायचे की चार लिहून आठ वेळा म्हणायचं, हे पोरांना विचारलं की ती स्वतःच सांगतात. मग अट: शिट्टी वाजली तर खाली बस, नाहीतर चालत राहा. क्रम, पुनरावृत्ती आणि अट, या तिन्हीवरच सगळे प्रोग्रॅम उभे असतात, तुमच्या फोनमधले पण.

हे नवीन खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगते, अमेरिकेतले गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा १९६७ मध्ये बनवली, आणि पुढे जमिनीवर फिरत रेघ काढणारं यांत्रिक कासव त्याला जोडलं, मुलं त्याला पुढे जा, वळ असं सांगून चौकोन काढायची. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी तर कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे खेळ बनवून जगभर वाटले. शाळेत टॅब असेल तर स्क्रॅच ज्युनियर हे ॲप फुकट आहे, वाचता न येणाऱ्या मुलांनाही जमतं कारण सूचना चित्रांच्या ठोकळ्यांनी जोडायच्या असतात. पण आधी फरशी, मग टॅब. हा क्रम मी तरी सोडणार नाही.

बरं, आणि एआय?

एआयमध्ये एक फरक आहे. वरच्या खेळात प्रत्येक सूचना आपण दिली. एआयला ढीगभर उदाहरणं दाखवतात आणि त्यातला सारखेपणा ते स्वतः पकडतं.

तिसरीच्या वर्गात हे असं करता येतं. पोरांना आंब्याची आणि फणसाची पानं गोळा करून आणायला सांगा. एका गटाला यंत्र करा, त्यांना एकेक पान दाखवत जा, हे आंब्याचं, हे फणसाचं. लांब निमुळतं म्हणजे आंबा, जरा गोलसर जाड म्हणजे फणस, असं ते मनात ठरवत जातात. मग नवीन पान दाखवून विचारा, बहुतेक वेळा बरोबर सांगतील. आणि मग हळूच पिंपळाचं पान ठेवा. नियम असा, की यंत्राने दोनपैकी एकच उत्तर द्यायचं. ते यंत्र पूर्ण खात्रीने पिंपळाला फणस म्हणतं, कारण पिंपळ त्याने बघितलेलाच नाही! सगळा वर्ग ओरडतो चूक चूक.

बस, तिसरीला एवढं एआय खूप झालं. उदाहरणांवरून शिकतं, न बघितलेल्या गोष्टीत चुकतं, आणि चुकतानाही खात्रीने बोलतं. ज्या मुलाने हे पान डोळ्याने बघितलं ते मूल चॅटबॉटने सांगितलेलं उत्तर आणि व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ देव बोलला असं मानणार नाही, निदान एकदा कुणाला तरी विचारेल.

मग यात सुरक्षितता कुठे आली?

इथेच. पोरांना आपण काय सांगतो, फोटो टाकू नको, अनोळखी माणसाशी बोलू नको, लिंक दाबू नको. का? ते कुणी सांगत नाही. आणि कारण न सांगितलेला नियम मूल आपण बघतोय तोवरच पाळतं.

फोटोचं घ्या. फोटो पाठवणं म्हणजे वस्तू देणं नाही, ती नक्कल देणं आहे. माझ्याकडचा तसाच राहतो आणि समोरच्याकडे नवा तयार होतो, त्याने पुढे दिला की अजून एक. वर्गात एका मुलाला कागदावर एक चित्र काढायला सांगा, त्याची दोघांनी नक्कल करायची, त्या दोघांची चौघांनी. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाकडे ते चित्र. आता पहिल्या मुलाला म्हणा तुझा कागद फाडून टाक, चित्र नाहीसं झालं का? पोरं गप्प होतात. डिलीट फॉर एव्हरीवन दाबण्याआधी कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो तसाच राहतो, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरं, व्हिडिओ संपतच का नाहीत. जत्रेतला खेळणीवाला बघा, पोराची नजर कुठल्या खेळण्यावर थांबली ते तो बघतो आणि तेच उचलून समोर नाचवतो, पोरगं पुढे सरकलं की दुसरं उचलतो. रील दाखवणारं ॲप हेच करतं, कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात, काय परत बघितलंत, काय ढकलून दिलंत, सगळं मोजतं आणि त्याप्रमाणे पुढचं आणून ठेवतं, कारण तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दिसणार. फरशीवरच्या खेळातला प्रश्न इथे विचारायचा: हे यंत्र स्वतःहून करतंय का? याला कुणी सांगून ठेवलंय? आणि त्या माणसाला काय हवंय? चौथीचं मूल याचं उत्तर देऊ शकतं, मी वर्गात ऐकलेलं आहे.

तिसरं, माहितीचे तुकडे. मुलं म्हणतात मी माझा पत्ता कुठे दिला, मी तर फक्त फोटो टाकला. फोटोत युनिफॉर्म, त्यावर शाळेचा बॅज, गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव, मागे दुकानाची पाटी, खाली लिहिलंय उद्या ट्रिप. हे तुकडे जोडायला कुठली हुशारी लागते? वर्गात एखादा जाहिरातीतला फोटो लावून यातून काय काय कळतंय ते फळ्यावर लिहायला सांगा. आणि इथे पालकांना पण एक सांगायचंय, मुलांच्या अशा फोटोंची सगळ्यात मोठी गर्दी आपल्याच स्टेटसवर असते.

चौथं, पैसे. आता पोरं आईबाबांच्या फोनवर खेळतात आणि त्याच फोनवर यूपीआय असतं. मुलांना एकच वाक्य नीट समजावून द्या: पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. बक्षीस मिळालंय, पिन टाका, असं आलं की ते खोटं. आणि ओटीपी हा त्या एका कामापुरता केलेला कुलपाचा आकडा, तो वाचून दाखवायला सांगणारा कुणीही असो, अगदी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी, सांगायचा नाही.

आणि पाचवं, सगळ्यात नाजूक. गेममध्ये चॅट करणारा मी पण चौथीत आहे म्हणतो, तो खरंच चौथीत आहे हे कळायला यंत्राकडे खात्रीचा मार्ग नाही, नाव आणि फोटो कुणीही काहीही लावू शकतो. मुलांना माणसं ओळखायला शिकवणं अवघड आहे, मोठ्यांनाच जमत नाही. पण वागणं ओळखायला शिकवता येतं. कुणी म्हणालं हे आपल्यात ठेव, घरी सांगू नको, की तिथेच थांबायचं आणि घरी सांगायचं. वाढदिवसाचं सरप्राइज वेगळं, ते काही दिवसांत सगळ्यांना कळणार असतं. जे कधीच कुणाला सांगायचं नसतं ते गुपित धोक्याचं.

पण हे प्राथमिकला कशाला, मोठं झाल्यावर शिकतील की

शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेचा २०२४ चा ‘असर’ हा सर्वेक्षण अहवाल ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल सांगतो. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरला असे ७६ टक्के. आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत, प्रोफाइल प्रायव्हेट कसं करायचं हे जेमतेम ५५ टक्क्यांना. म्हणजे वापर आधी शिकून झाला, सांभाळणं जवळपास निम्म्यांना आलेलंच नाही. चौदाव्या वर्षी शिकवायला घेतलं तर सवयी आधीच पडलेल्या असतात.

आता वयाबद्दल थोडं, कारण यात फार गैरसमज आहे. बऱ्याच ॲपवर वय १३ असं लिहिलेलं असतं, पालकांना वाटतं तेराव्या वर्षी मूल त्यासाठी तयार होतं म्हणून असेल. तसं नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये एक कायदा झाला, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, आणि कंपन्यांनी ती रेघ धरली. मुलाच्या समजुतीशी तिचा संबंध नाही. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होतायत. कायदा चांगला आहे, पण घरात फोन बाबांचा, अकाउंट बाबांचं, बघणारं मूल सहा वर्षांचं, तिथे कंपनीला वाटतं बाबाच बघतायत.

फोनच द्यायचा नाही, विषय संपला?

कमी द्या, नक्की कमी द्या. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने पाच ते दहा वयासाठी दिवसाला दोन तासांच्या आत असं सांगितलंय, आणि त्यातही झोप, खेळ, अभ्यास मोडता कामा नये. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, सगळ्यांचे, मोठ्यांचे पण. मला त्यातलं मोठ्यांचे पण हे फार आवडतं. मुलाला ठेव म्हणून आपण स्क्रोल करत बसलो तर ते कसं ठेवेल?

पण दीड तास फोन बंद ठेवल्याने उरलेल्या वेळात काय करायचं ते येत नाही. मूल आज ना उद्या फोन धरणार, मामाकडे धरेल, शेजारच्या दादाचा धरेल. तेव्हा आपण शेजारी नसू.

सगळं सांगितलं तर नको ते शिकतील ना?

ही भीती खरी आहे, आणि म्हणून वयाप्रमाणे सांगायचं. दुसरीच्या मुलाला भयानक गोष्टी सांगायच्याच नाहीत. त्याला एवढं पुरे: स्क्रीनवर काहीतरी बघून पोटात गोळा आला, भीती वाटली, लाज वाटली, तर फोन पालथा ठेव आणि मोठ्या माणसाला हाक मार, तुझी काही चूक नाही. पाचवीला थोडं जास्त, कुणी फोटो मागितला तर काय करायचं इथपर्यंत. भीती घालणारे व्हिडिओ दाखवून जनजागृती करतात ना काही ठिकाणी, ते मला अजिबात पटत नाही, त्याने मुलं घाबरतात आणि घाबरलेलं मूल गप्प बसतं.

सगळ्यात महत्त्वाचं, सांगितल्यावर आपण काय करतो

मूल न सांगण्याचं पहिलं कारण असतं, फोन काढून घेतील. मुलींच्या बाबतीत त्याहून वाईट, शाळाच बंद करतील ही भीती. आणि फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, तो त्याच भीतीवर मुलाला धरून ठेवतो, तुझ्या घरी सांगेन म्हणतो. म्हणून शाळेत कितीही चांगलं शिकवलं तरी मूल सांगायला आलं त्या क्षणी घरात कानाखाली बसली तर आमचं सगळं शिकवणं तिथेच बुडालं. आधी ऐकायचं. बरं केलंस सांगितलंस म्हणायचं. ओरडायचं असेल तर नंतर, आणि मुलावर तर नाहीच.

मग करायचं काय: समोरच्याला उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही कारण तोच पुरावा. अकाउंटचं नाव, नंबर लिहून ठेवायचा, मग ब्लॉक. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त. मुलाच्या मदतीसाठी १०९८. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांबद्दलच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. एक काळजी मात्र घ्या, मुलाचा अश्लील फोटो असेल तर पुरावा म्हणून सुद्धा तो नातेवाइकांना, शिक्षकांना, ग्रुपवर पाठवायचा नाही, असं साहित्य पुढे पाठवणंच गुन्हा आहे. फोन घेऊन सरळ पोलिसांकडे जा. आणि आम्हा शिक्षकांना कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवता येत नाही.

शाळेत कॉम्प्युटरच नाही आणि शिक्षकांना वेळ नाही, त्याचं काय

सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशातल्या साधारण ६५ टक्के शाळांत कॉम्प्युटर होता. म्हणजे तीनातली एक शाळा त्याच्याशिवाय, आणि आहे तिथे पण सगळ्या वर्गांत मिळून एखादा, लाइट असली तर. पण वर सांगितलेल्यापैकी फरशीचा खेळ, पानं, चित्रांच्या नकला, फोटोतले तुकडे, याला काय लागलं? खडू आणि कागद. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले सर, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड लावून जे केलं तेही साध्या जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच सुरू झालं.

शिक्षकांच्या वेळेचं म्हणाल तर तो प्रश्न खरा आहे आणि मी तो झाकणार नाही. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, पोषण आहाराचे हिशोब यात आमचे तास जातात. त्यात वरून एक पत्र आलं की अमुक दिवशी सायबर सुरक्षा दिन साजरा करून फोटो अपलोड करा, तर तो फोटो अपलोड होतो आणि शिकवणं होत नाही. आठवड्याला एक तासिका वेळापत्रकात हवी, गणितातलं गणितात आणि परिसर अभ्यासातलं त्यात घालून चालेल, पण वर्षभर हवी. प्रशिक्षण मराठीत आणि हाताने करून बघायचं हवं, स्लाइड दाखवून झालेलं नको. आणि मुलांसाठी साहित्य आपल्या गावातल्या, वस्तीतल्या उदाहरणांचं हवं.

हे मागायची जागा पण आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या सभेत विचारा, या वर्षी कुठल्या इयत्तेला काय शिकवणार, कोण शिकवणार, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे फोटो टाकायचे की नाही हे कुणी ठरवलं, आणि एखादं मूल ऑनलाइन त्रासाबद्दल सांगायला आलं तर शाळेत ते कुणाकडे जाणार, त्या शिक्षकांचं नाव मुलांना माहीत आहे का.